आत्याला उजेडात आणताना

ताईच्या साखरपुड्यात सगळ्यांना खिडकीला पाठ करून उभं केलं आणि ग्रुप फोटो काढला. बाहेरचं अंगण लख्ख. आतली माणसं मात्र कोळशाच्या वखारीतून थेट आल्यासारखी. दुसऱ्याच दिवशी आत्याचा फोन. "अरे, मी नवी पैठणी नेसले होते. ती कुठाय?"

ब्राइटनेसची पट्टी उजवीकडे सरकवली, तर पैठणीवर धुकं उतरलं आणि काकांचं टक्कल खिडकीत विलीन झालं. एका जाणकार मित्राने सांगितलं, "कर्व्ह्ज वापर."

गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते उघडलं. एक चौकोन आणि त्यात खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाणारी तिरकी रेघ. आडवं माप मूळ उजेडाचं, उभं नव्या उजेडाचं. 0 म्हणजे काळाकुट्ट, 255 म्हणजे पांढराफेक. रेघ मधोमध धरून उचलली की मधल्या छटा उजळतात, टोकं जागच्या जागी राहतात. खालचा भाग जरा दाबून वरचा उचलला की इंग्रजी एस होतो आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधारातला फरक, वाढतो. वाटलं, जमलं!

पण हे प्रकरण आमच्या आखूड गोधडीसारखं निघालं. रेघ जिथे जास्त चढी, तिथे कॉन्ट्रास्ट जास्त. आणि एकीकडे चढ वाढवला की दुसरीकडे सपाटी ठरलेली. पैठणीचे मोर दिसायला लागले की आत्याचा चेहरा चुना लावलेल्या भिंतीसारखा. आत्या सावरली की मोर गायब. काकांचं टक्कल तर 255 ला टेकलेलं. रेघ खाली ओढून ते फक्त राखाडी झालं. केस सोडा, कपाळावरची आठीसुद्धा परत येईना. एकदा रेघेची टोकंच उलटी झाली आणि अख्खं खानदान काळे दात काढून हसायला लागलं.

रात्री दीडला अंधाऱ्या भागाचा एक बिंदू चिमटीत धरून वर ओढला. मोर आले. आत्याही आली. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आत्याचा अंगठा आला आणि पाठोपाठ मामीचा प्रश्न, "मागे खांबाआड कोण आहे?"

झूम केलं. अंधार उपसल्यामुळे अंगभर रवा सांडल्यासारखे दाणे उमटले होते, तरी मामा ओळखू येत होते. डॉक्टरांनी गोड बंद केलेले मामा. हातातल्या वाटीतले गुलाबजामही ओळखू येत होते. चार.

तेवढ्यात फोन वाजला. मामाच. आवाज एकदम दबका.

"अरे, ती रेघ परत खाली ओढता येते का रे?"