वसुली

‘आपला एक रुपया खर्च नाही’ हे वाक्य साडूभाऊंच्या तोंडून निघालं की मी आधी पासबुक बघून घेतो. याच वाक्यावर आमच्याकडे पाणी शुद्ध करायचं यंत्र आलंय. याच वाक्यावर आम्ही चौघं एका रविवारी फुकट जेवणासाठी हॉलिडे क्लबवाल्याचं व्याख्यान तीन तास ऐकून आलोय, आणि जेवणात पुलाव होता. त्यामुळे पणजीत नव्याने उघडलेल्या एका आलिशान कॅसिनो हॉटेलचं पॅकेज घेऊन ते आमच्या सोफ्यावर बसले तेव्हा हिने चहा टाकला आणि मी चष्मा शोधला.

“दोन रात्री. चौघांचा नाश्ता. एक संध्याकाळ जहाजावर प्रवेश, जेवण अनलिमिटेड, पिणं अनलिमिटेड, वर खेळायला कूपनं. आता बघा,” म्हणून त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात बेरीज मांडली. जेवण बाहेर एवढ्याला, पिणं बाहेर एवढ्याला, कूपनं एवढ्याची. बेरीज पॅकेजच्या वर गेली. “म्हणजे हॉटेलच आपल्याला पैसे देतंय.”

“पण मी पीत नाही.”

“तुमच्या वाटणीचं मी बघतो.”

माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात गेली. लोकांच्या दारात उभं राहून ‘पुढच्या महिन्यात नक्की भरतो’ हे ऐकण्यात ज्याची हयात गेली, तो जुगाराला भुलत नाही असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. हॉटेलवाल्यांना आमच्यासारख्यांकडून जुगाराची अपेक्षाच नसते, हे तेव्हा माहीत नव्हतं एवढंच.

कोल्हापूरहून आजरा, आंबोली करत निघालो. ताई आणि ही मागच्या सीटवर चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन, साडूभाऊ स्टिअरिंगवर, आणि मी शेजारी बसून मोबाइलवर कायदा वाचत होतो. जुनी खोड आहे. करारनामा वाचल्याशिवाय मला झोप लागत नाही. तर गंमत अशी की 1976 साली दोन शेजाऱ्यांनी दोन कायदे केले. महाराष्ट्राने कॅसिनोवर नियंत्रण ठेवायचा आणि कर घ्यायचा कायदा केला. गोवा, दमण आणि दीवने सार्वजनिक जुगाराला बंदी करणारा. आपला कायदा कधी अंमलातच आला नाही आणि 2023 मध्ये गुपचूप रद्द झाला. कॅसिनो एकही उघडला नाही. तिकडे बंदीच्या कायद्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगाराच्या यंत्रांपुरती एक फट ठेवली, 1996 मध्ये जहाजांपुरती दुसरी, आणि आता संध्याकाळी मांडवीच्या पात्रात बघावं तर जुगारबंदी नुसती लखलखत असते. हे मी गाडीत मोठ्याने वाचून दाखवलं. “एसी वाढवा,” साडूभाऊ म्हणाले.

हॉटेल खरोखर देखणं होतं, उगाच खोटं कशाला बोला. लॉबीत आमचं अख्खं अपार्टमेंट उभं राहील एवढी उंची. मधोमध काचेच्या लोलकांचा झुंबर-धबधबा. पातळशा उंच ग्लासातून कोकम सरबत आलं, ते ताईने दोनदा मागून घेतलं. इथूनच वसुलीला सुरुवात झाली. साडूभाऊंचं तत्त्व स्पष्ट होतं: पैसे भरलेत, आता एकही गोष्ट सोडायची नाही. पोहायला येत नसताना ते स्विमिंग पूलमध्ये कमरेपर्यंत उभे राहून आले. जिममध्ये जाऊन वजन करून आले. खोलीतले साबण, शाम्पू, दाढीचं सामान, शिवणाची इवलीशी पेटी हे सगळं त्यांनी पहिल्या तासाभरात बॅगेत भरलं आणि फोन करून नवं मागवलं.

खोलीत भिंतीवर बटणं नव्हती. उशाशी एक टॅबलेट ठेवलेला, दिवे-पडदे-एसी सगळं त्याच्या पोटात. रात्री मी बाथरूमला उठलो आणि अंधारात ‘दिवा’ समजून काहीतरी दाबलं, तर समोरचा भलाथोरला पडदा समारंभपूर्वक सरकू लागला. तो बंद करायला गेलो तर पलंगाखाली निळे दिवे लागले. मग बाथरूमची काच, जी आतापर्यंत दुधी होती, ती एकदम पारदर्शक झाली. ही अंथरुणातून म्हणाली, “अहो, सकाळ होईपर्यंत धरून ठेवा.”

पण आमचा खरा घात फ्रिजने केला. हिने घरून दहीभात आणला होता, कारण बाहेरचं दोन वेळा खाल्लं की मला जळजळतं. तो ठेवायला जागा करावी म्हणून हिने फ्रिजमधल्या बाटल्या, चॉकलेटं आणि काजूचं पाकीट काढून टेबलावर नीट ओळीने मांडलं. दहीभात आत गेला. दुपारी भात काढला, बाटल्या परत ठेवल्या. संध्याकाळी भाताचा उरलेला डबा ठेवायला पुन्हा बाटल्या बाहेर. संसारी बाईचा नीटनेटकेपणा. त्या फ्रिजच्या प्रत्येक खणाखाली वजनाचा काटा आहे आणि वस्तू उचलून क्षणभर बाजूला ठेवली तरी ती विकली गेली असं तो समजतो, हे निघतानाच्या बिलावर कळलं. त्या हिशेबाप्रमाणे मी, ज्याने आयुष्यात बिअरला बोट लावलेलं नाही, एका दिवसात काउंटरवरच्या पोरीने दुसऱ्यांदा मान वर करून माझ्याकडे बघावं इतकी प्यालो होतो. ते प्रकरण पुढे मिटलं. काजू सोडून. काजूचं पाकीट कोणीतरी खरंच फोडलं होतं आणि त्या वेळी ताई झुंबराकडे बघत होती.

जहाजाची संध्याकाळ दुसऱ्या दिवशी. अनलिमिटेड जेवणाची पुरेपूर वसुली व्हावी म्हणून साडूभाऊंनी दुपारचं जेवण रद्द केलं. हिने बोट लागते म्हणून उलटीची गोळी घेतली. मी ठेवणीतला शर्ट आणि पायात अस्सल कापशी कोल्हापुरी, करकर वाजणारी, अशा थाटात जेटीवर पोचलो, तर दारावरच्या धिप्पाड माणसाने अदबीने थांबवलं. “सर, चप्पल नाही चालणार. बूट पाहिजे.”

“अहो, कोल्हापुरी आहे ही.”

“चप्पलच ना सर?”

यावर काय बोलणार? ज्या पायताणाच्या जोरावर आमच्या गावात माणसं कोर्टात जातात, ते पायताण जुगाराच्या अड्ड्याला कमी पडलं. शेवटी साडूभाऊंनी गाडीच्या डिकीतून त्यांचे मॉर्निंग वॉकचे बूट आणले. दोन नंबर मोठे. त्यानंतरची संपूर्ण संध्याकाळ मी पाय न उचलता, घासत चालत काढली आणि बघणाऱ्याला वाटावं की हा बराच वेळ पितोय.

छोट्या बोटीने पाच मिनिटांत जहाजावर. ही रेलिंग घट्ट धरून उभी. “हे सुटणार कधी?” तिने विचारलं. जहाज सुटत नाही. ते नांगर टाकून तिथेच असतं. समोर पणजीचा रस्ता, त्यावरच्या स्कूटर, जुन्या सचिवालयाची कौलं, सगळं दिसतं. पत्त्यांची टेबलं पाण्यावरच मांडायची असल्यामुळे जहाज, बाकी प्रवासाशी त्याचा संबंध नाही. “म्हणजे गोळी फुकट गेली!” ही म्हणाली, आणि गोळी फुकट जाऊ नये म्हणून की काय, स्टेजसमोरच्या मखमली सोफ्यावर बसल्या बसल्या गाढ झोपली. समोर परकरासारखं काहीतरी चमचमतं नेसलेल्या मुली नाचत होत्या, निवेदक माइक गिळल्यासारखा ओरडत होता, आणि आमची ही घोरत होती. सबंध जहाजात त्या रात्री पैशाचा खरा मोबदला तेवढा तिला मिळाला.

खाली खेळाचा मजला. खिडक्या झाकलेल्या, भिंतीवर घड्याळ नाही, पायाखाली डोळे फिरतील अशा नक्षीचा गालिचा. तीन पत्ती, अंदर-बाहर, रुलेट. खेळणाऱ्यांत सुरतेकडची आणि दिल्लीकडची मंडळी जास्त. गोंयकार शोधूनही सापडेना, कारण त्यांच्याच सरकारने त्यांना आत यायला मनाई केली आहे. घरचा स्वयंपाक घरच्यांनी खायचा नाही, असा हा प्रकार. चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, घेण्याच्या खिडकीपाशी मी नेहमीप्रमाणे पाटी वाचली आणि कराचा दर विचारला. ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी होता, सप्टेंबर 2025 पासून 40. म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधीच केंद्र आणि राज्य दोघं जिंकून घरी गेलेले. इतक्या कमी कागदपत्रांत एवढी वसुली मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. मनातल्या मनात नमस्कार केला.

रुलेटच्या, म्हणजे चेंडू फिरणाऱ्या चक्राच्या टेबलासाठी साडूभाऊंकडे ‘सिस्टीम’ होती. काळ्यावर 500 लावायचे. हरलो तर 1,000. मग 2,000. दुप्पट करत जायचं. कधी ना कधी काळं येणारच, आणि आलं की मागचं सगळं भरून 500 वर. “यात हरायला जागाच नाही,” ते म्हणाले. मी टेबलावरची पाटी बघितली: काळ्या-लालवर कमीत कमी 500, जास्तीत जास्त 10,000. नॅपकिनवर आकडेमोड केली. 500, 1,000, 2,000, 4,000, 8,000. लागोपाठ पाच वेळा हरलं की 15,500 गेले, आणि सहाव्या वेळी लावायला 16,000 हवेत, ते टेबल घेत नाही. चक्रावर घरं 37. त्यातली काळी 18, लाल 18 आणि एक हिरवं शून्य, जे कुणाचंच नाही, म्हणजे त्यांचं. असा पाच वेळांचा फेरा साधारण 28 त एकदा येतो. उरलेल्या 27 वेळा 500 मिळाले तरी झाले 13,500. कॅसिनो 2,000 नी वर.

“साडूभाऊ, हे बघा.”

“नंतर. आता लय लागलीये.”

लय खरोखर लागली होती. तासभर 500-500 येत राहिले. ते मागे वळून माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, की बँकेतले लोक असेच गरीब राहतात. टेबलावरची मुलगी, ईशान्येकडची असावी, चेहऱ्यावरची रेष न हलवता चिप्स सरकवत होती. मग लाल आलं. लाल. पुन्हा लाल. चौथ्यांदा साडूभाऊंनी 4,000 सरकवले आणि कुलदैवताचं नाव घेतलं. लाल. पाचव्यांदा 8,000, आता नाव मोठ्याने. चेंडू टक्‌-टक्‌ करत काळ्याच्या घरात शिरला, तिथून काठावर चढला आणि शून्यात जाऊन बसला. साडूभाऊंनी खिशात हात घातला. त्या मुलीने पाटीकडे नाजूक बोट दाखवलं. मी नॅपकिन घडी करून खिशात ठेवला. अशा वेळी माणसाला आकडे दाखवू नयेत, हे वसुलीत शिकलोय.

मी काय केलं? माझं 1,000 चं कूपन होतं, ते एकदाच लावता येतं, रोख मिळत नाही. ते लालवर ठेवलं. आलं. हजाराच्या खऱ्या चिप्स हातात आल्या, त्या तशाच खिडकीवर नेऊन मोडल्या आणि बूट घासत जेवायला गेलो.

जेवणाचं काय सांगावं? समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि ताटात दाल मखनी, पनीर, पास्ता. जुगाराच्या जहाजावर जैन जेवणाचं वेगळं काउंटर होतं, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. साडूभाऊ दुपारपासून उपाशी. 15,500 डोळ्यांपुढे होते. त्यांनी ते वसूल करायला घेतले. टिक्क्याच्या एका तुकड्याला बाहेर किती पडतात याचा हिशेब तोंडाने चालू, आणि तोंड त्याच वेळी भरलेलं. मी हसत होतो, पण ताटात तिसऱ्यांदा गुलाबजाम माझ्याही होते, आणि ते मला आवडतात असं मुळीच नाही. आइस्क्रीमच्या वेळी साडूभाऊंचा रंग बदलला. परतीच्या पाच मिनिटांच्या बोटीत सगळ्या जहाजात फक्त त्यांनाच बोट लागली. गोळ्यांची पट्टी हिच्या पर्समध्ये होती, ती अर्धवट झोपेत म्हणाली, “दाजी, जेवायच्या आधी घ्यायची असते.”

सकाळी काउंटरवर हिशेब. मिनीबारचा वाद मिटल्यावर काजू आणि त्यावरचा कर मिळून माझ्या जिंकलेल्या हजाराच्या किंचित वर रक्कम निघाली. ती मी भरली. साडूभाऊ तोंडाला रुमाल लावून सोफ्यावर. तेवढ्यात काउंटरवरची पोरगी सोनेरी कार्ड घेऊन आली. कालच्या खेळावर साहेबांचे इतके पॉइंट जमलेत की साहेब आता खास सभासद झालेत; पुढच्या वेळी एक रात्र कॉम्प्लिमेंटरी.

साडूभाऊंनी रुमाल काढला. “म्हणजे एक रुपया...”

“खर्च नाही सर,” ती म्हणाली.

मी हिच्याकडे बघितलं. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडल्यावर ती तरी दोन शब्द सुनावेल अशी माझी खात्री होती. ती काउंटरवर थोडी वाकली आणि खालच्या आवाजात विचारलं, “त्यात नाश्ता धरलाय का हो?”