'डावीकडून उजवीकडे' या आक्षेपाविषयी

सप्रेम नमस्कार. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत ओळी निवडण्याच्या अटी 'व्हेअर'मध्ये लिहितात; तेथे अँड (आणि) व ऑर (किंवा) एकत्र आले की कंस घालावेत, या माझ्या लेखातील सल्ल्यावर आपण लिहिले आहे की डेटाबेस अटी डावीकडून उजवीकडेच वाचतो, आपण तसे करून पाहिले आहे आणि कंस हा केवळ नवशिक्यांचा आधार आहे. आपली चाचणी खोटी नाही. मात्र तिच्यातून हा निष्कर्ष निघत नाही.

आपली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) अशी होती: बाकी > 5000 अँड तालुका = 'करवीर' ऑर तालुका = 'कागल'. येथे अँड आधीच असल्यामुळे डावीकडून वाचले काय किंवा अँडला अग्रक्रम दिला काय, उत्तर एकच येते. आता क्रम बदलून पाहावा: तालुका = 'करवीर' ऑर तालुका = 'कागल' अँड बाकी > 5000. समजा टेबलमध्ये चारच ओळी आहेत. दोन्ही तालुक्यांतील एकेक गुऱ्हाळमालक शून्य बाकीचा आणि एकेक 8000 रुपयांचा. आपल्या नियमाने दोन ओळी यायला हव्यात, पण येतात तीन, कारण अँड आपल्या शेजारच्या कागललाच बाकीच्या अटीशी बांधतो आणि करवीरचे दोघेही सरसकट आत शिरतात. शाळेतले 'कंचेभागुबेव' आठवावे: अँड हा गुणाकार, ऑर ही बेरीज. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील एका गूळ अडत्याचे काम करताना मी स्वतः हीच चूक केली होती, आणि उचल फेडून मोकळ्या झालेल्या मंडळींना वसुलीची पत्रे गेली. (त्यानंतरचे फोन मलाच घ्यावे लागले.)

आपला गोंधळ बहुधा दोन निराळ्या गोष्टी एक मानल्यामुळे झाला असावा. अग्रक्रम ठरवतो तो अटींची जुळणी. प्रत्यक्षात कोणती अट आधी तपासायची हे डेटाबेस स्वतः ठरवतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत हा क्रम निश्चित नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे. म्हणूनच पोती > 0 अँड बाकी / पोती > 500 असे लिहून शून्याने भागाकार टळेल असे गृहीत धरता येत नाही; तेथे कंसही उपयोगी नाहीत, 'केस' (जर-तर अशी रचना) वापरावे लागते.

कंस सगळीकडे लागत नाहीत, हा आपला दुसरा मुद्दा मात्र मान्य. माझ्या उदाहरणात कंसांपेक्षा 'इन' (यादीपैकी कोणताही) वापरून तालुका इन ('करवीर', 'कागल') अँड बाकी > 5000 हे अधिक सुटसुटीत झाले असते, आणि सगळीकडे अँडच असेल तर कंस निव्वळ भरताड ठरतात. लेखातील ते उदाहरण आज बदलतो.