आधी कंद, मग फूल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या ऑर्किडवरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना राग आला, हे लपवत नाही. 'निर्मळ फुलातही तुम्हाला शरीरच दिसतं, हा दोष फुलाचा नाही, पाश्चात्त्यांकडून उसन्या आणलेल्या नजरेचा आहे. चीनमध्ये हेच फूल सज्जनाचं प्रतीक आहे, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत,' असं तुम्ही म्हणता. त्यातला शेवटचा आरोप मान्य. 'सोयीस्कर' नव्हे, पण गाळलं खरं. आणि लेख पुन्हा चाळताना तुमच्याही नजरेतून सुटलेली एक चूक सापडली. आधी ती.

ऑर्किडच्या पाकळ्यांची ठेवण स्त्रीदेहाची आठवण करून देते, म्हणून हे फूल कामुकतेशी जोडलं गेलं, असं मी ठोकून दिलं होतं. प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे. सुरुवात फुलातून झालीच नाही, मातीखालून झाली. आणि स्त्रीपासून नव्हे, पुरुषापासून झाली. भूमध्य समुद्राच्या आसपास जमिनीत वाढणाऱ्या कित्येक ऑर्किडना खाली दोन गोल कंद असतात. एक यंदाच्या रोपाला पोसून सुरकुतत चाललेला, दुसरा पुढच्या वर्षासाठी भरत आलेला. ग्रीकांनी ती जोडी पाहिली आणि वनस्पतीला सरळ 'ऑर्खिस' म्हणून टाकलं. म्हणजे वृषण. ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातला ग्रीक वनस्पती-अभ्यासक थिओफ्रास्टस लिहितो, की मोठा कंद शेळीच्या दुधातून दिला तर कामशक्ती वाढते, लहान दिला तर ओसरते. पुढे ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस नोंदवतो ती समजूत अशी: पुरुषाने मोठा कंद खाल्ला तर मुलगा होतो, बाईने लहान खाल्ला तर मुलगी. रूपावरून गुण ठरवायचा, इतकाच हिशेब. त्यात फुलाला काही कामच नाही.

ही नजर फक्त पाश्चात्त्य आहे का? याच कंदांच्या भुकटीला तुर्कस्तानात 'सालेप' म्हणतात, आणि तो शब्द ज्या अरबी नावातून आला त्याचा अर्थ 'कोल्ह्याचे वृषण'. आपल्याकडे वाजीकर, म्हणजे कामशक्ती वाढवणारी, म्हणून विकली जाणारी 'सालम मिश्री' हा त्याच शब्दाचा झिजलेला नातेवाईक. तेव्हा उसनवारी झालीच असेल, तर ती बऱ्याच दिशांनी झाली.

मग फूल केव्हा आलं? युरोपात ते खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकात आलं. उष्ण प्रदेशांतली मोठ्या फुलांची ऑर्किडं जहाजांतून येऊन काचघरांत वाढू लागली. त्यासाठी जंगलं ओरबाडली गेली, हेही सांगायला हवं. फूल दुर्मीळ, महाग, श्रीमंतांच्या हातातलं, आणि तिथून बायकांच्या पोशाखावर. विल्यम कॅटली या इंग्रज बागप्रेमीच्या नावाने ओळखली जाणारी 'कॅटलिया' (हेही एक ऑर्किडच) फ्रेंच लेखक प्रूस्तच्या १९१३ सालच्या कादंबरीत ओदेत या स्त्रीच्या पोशाखावर खोचलेली असते. गाडीला हिसका बसतो, विस्कटलेली फुलं नीट करण्याच्या निमित्ताने तिच्यावर भाळलेला स्वान तिच्या जवळ सरकतो, आणि पुढे 'कॅटलिया करणं' हा त्या दोघांचा प्रणयासाठीचा खासगी शब्द होतो. इथेही पाकळ्यांचा आकार कामाला येत नाही. कामाला येतो तो बहाणा. तुम्ही 'फूल निर्दोष आहे' म्हणता, ते या प्रसंगापुरतं शंभर टक्के खरं.

तुमच्या बाजूची आणखी एक साक्ष मीच देतो. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफच्या भल्या मोठ्या फुलांमध्ये समीक्षकांना स्त्रीदेह दिसत राहिला, आणि ती तो अर्थ सतत नाकारत राहिली.

(जाता जाता: व्हॅनिला ही ऑर्किडचीच शेंग. तिचं स्पॅनिश नाव म्हणजे 'छोटी म्यान', आणि ते ज्या लॅटिन शब्दापासून आलं तोच शब्द शरीरशास्त्राने योनीसाठी घेतला. आज मात्र इंग्रजी बोलीत 'व्हॅनिला' म्हणजे शृंगारातलं अगदी बेचव, सरधोपट!)

पण 'निर्मळ' या विशेषणापाशी मी अडतो. 'ऑफ्रिस' वर्गातली ऑर्किडं पाहा. अल्जीरियातला पुयान नावाचा न्यायाधीश अनेक वर्षं ती न्याहाळत होता. त्याची निरीक्षणं १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. या फुलात मध नसतो. फूल मादी कीटकासारखं दिसतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्यासारखा गंध सोडतं. नर येतो, त्याच्याशी समागमाचा प्रयत्न करतो, आणि परागांची गाठोडी अंगाला चिकटवून रिकाम्या हाताने पुढच्या फुलाकडे जातो. ऑस्ट्रेलियात एडिथ कोलमनने १९२७ मध्ये दुसऱ्या एका ऑर्किडबाबत हेच दाखवून दिलं. फुलाला वासना नसते हे मान्य. पण दुसऱ्याच्या वासनेवर त्याचा संसार चालतो. याला अश्लील म्हणणं हास्यास्पद होईल. निर्मळ म्हणणंही तितकंच.

आता चीन. तिथलं ऑर्किड, म्हणजे 'लान', लहान फुलांचं, मंद सुवासाचं. ओसाड दरीत, कुणी हुंगणारं नसतानाही दरवळणारं, म्हणून सज्जनाची उपमा; हे वचन कन्फ्यूशियसच्या नावावर सांगतात. सुंग राजवट मंगोलांनी बुडवल्यावर झेंग सिशियाओ या चित्रकाराने मुळाखाली माती न दाखवता लान रंगवलं, कारण देशाची भूमीच गेली होती. त्याचं १३०६ सालचं चित्र आजही आहे. हे सगळं लेखात हवं होतं.

मात्र त्याच चीनची 'त्सो चुआन' या प्राचीन इतिहासग्रंथातली एक गोष्ट तुम्हाला ऐकवायचीच आहे. (त्या काळचं 'लान' म्हणजे बहुधा वेगळीच एक सुगंधी वनस्पती, पण नाव आणि प्रतिमा पुढे ऑर्किडकडेच आल्या.) प्राचीन चीनमधल्या झेंग नावाच्या राज्याच्या राजाची एक कनिष्ठ उपपत्नी. तिच्या स्वप्नात देवदूत येऊन लान देतो आणि म्हणतो, हाच तुझा मुलगा. नंतर राजा तिला लान देऊन शय्येवर बोलावतो. ती म्हणते, मला मुलगा झाला आणि कुणी विश्वास ठेवला नाही, तर हे लान पुरावा म्हणून दाखवू का? राजा होकार देतो. मुलाचं नाव लानच ठेवतात. तो पुढे राजा होतो, आणि ख्रिस्तपूर्व ६०६ मध्ये आजारी पडल्यावर म्हणतो, 'लान मेलं की मीही मरेन.' लान कापलं जातं आणि तो जातो.

हे फूल मी सज्जनाच्या रकान्यात टाकू की शय्येच्या?

पाकळ्यांबद्दलचं ते वाक्य आज लेखातून काढलं आहे. चीनवरचा परिच्छेद या आठवड्यात घालतो. त्यात सिशियाओची माती नसलेली मुळं असतील, आणि त्या उपपत्नीचं स्वप्नही.