पाणीपट्टी वाढवा, पण मीटर लावून

कोकणातल्या आमच्या गावात यंदा 1 मेच्या ग्रामसभेत नळपाणी योजनेची पाणीपट्टी वर्षाला 1,200 रुपयांवरून 1,800 रुपये करण्याचा ठराव मांडला गेला आणि तासभर वादावादी होऊन तो पुढच्या सभेवर ढकलला गेला. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा नेमके नळाला पाणी आले. निम्मी सभा हंडे भरायला उठून गेली आणि माझे बोलणे तोंडातच राहिले. ते येथे सविस्तर मांडतो, कारण या विषयात मुंबईत असलेल्या गाववाल्यांचाही तितकाच संबंध आहे.

माझे मत असे, की पाणीपट्टी वाढलीच पाहिजे, मात्र सर्वांना सरसकट सारखी वाढ करणे हा अन्याय आहे.

आधी सध्याचा दर पाहू. घरोघरी नळाने पाणी देण्याच्या केंद्राच्या जलजीवन मिशनने माणशी दिवसाला 55 लिटर हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने दिवसाला 275 लिटर, म्हणजे वर्षाला साधारण एक लाख लिटर पाणी लागते. वर्षाचे 1,200 रुपये म्हणजे हजार लिटरला 12 रुपये झाले. मे महिन्यात खासगी टँकर मागवला, तर एका खेपेलाच या वर्षभराच्या पट्टीहून जास्त पैसे मोजावे लागतात आणि ते आपण निमूटपणे मोजतो. उलट खाली जॅकवेलवरचा, म्हणजे योजनेचे पाणी उपसण्याच्या विहिरीवरचा, 7.5 अश्वशक्तीचा पंप दिवसाला सहा तास चालला, तरी 33-34 युनिट वीज जाते. शिवाय पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, फुटलेल्या पाइपांची दुरुस्ती आणि तीन-चार वर्षांतून एकदा जळणारी मोटर हे खर्च आहेतच. योजना उभारायला सरकारचा पैसा आला, पण ती चालवायला तो येईल या भ्रमात कोणी राहू नये. याआधीच्या योजनेची टाकी आजही शाळेच्या मागे उभी आहे. तिच्यात पिंपळ उगवला आहे. ती योजना पाण्यावाचून बंद पडली नाही, विजेचे बिल थकले म्हणून बंद पडली, हे गावच्या पाणीपुरवठा समितीवर असताना मी स्वतः कागदोपत्री पाहिले आहे.

सभेत सर्वांत मोठा आवाज होता तो बंद घरांचा. “अकरा महिने घराला कुलूप, मग पट्टी कसली?” हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण गणपतीला आणि मे महिन्यात हीच घरे उघडतात, एकेका घरात पंधरा-पंधरा माणसे येतात आणि पाण्याची खरी ओढ असते त्या मे महिन्यातच योजनेवर सर्वांत जास्त ताण पडतो. टाकी केवढी हवी, पाइप किती इंची हवा, हे सारे त्या पंधरा दिवसांची गर्दी धरूनच ठरवावे लागते. म्हणून बंद घरानेही जोडणीचा स्थिर आकार भरला पाहिजे. वापराचा आकार मात्र जेवढे पाणी वापरले तेवढाच. हे मुंबईकर भावंडांना पटायला हरकत नसावी, कारण विजेच्या बिलातला स्थिर आकार ते तक्रार न करता भरतातच.

आता दुसरी बाजू. वरच्या वाडीतली एक म्हातारी दोन हंडे आणि एक कळशी यांवर दिवस काढते. तिच्या घरापासून चार घरे सोडून दोनशे हापूस कलमांची नवी लागवड आहे आणि त्या कलमांना नळाच्याच पाण्याने फेब्रुवारी ते मे शिंपणे चालते. खाली समुद्राकडे दोन होमस्टे झाले आहेत. त्यांच्या खोल्या शनिवार-रविवार भरलेल्या असतात आणि पाहुणे समुद्रात डुंबून आले की प्रत्येकी दोनदा आंघोळ करतात. धंदा त्यांनी जरूर करावा, गावातल्या पोरांना त्यातून काम मिळते. पण त्या म्हातारीची आणि त्यांची पाणीपट्टी एकच, 1,200 रुपये! त्यात नळाला थेट टिल्लू पंप, म्हणजे पाइपातले पाणी ओढून घेणारी छोटी मोटर, लावणारे वेगळेच. त्यांच्यामुळे शेवटच्या टोकाच्या घरांना नळातून पाण्याऐवजी हवा येते. टिल्लू पंप कोणाकोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक आहे, सभेत मात्र कोणी तोंड उघडत नाही.

दुसऱ्याला सांगण्याआधी आपले पाहावे, म्हणून मी मार्चमध्ये स्वतःच्या खर्चाने माझ्या जोडणीवर मीटर बसवून घेतला. घरात आम्ही चार माणसे. 55 लिटरच्या हिशेबाने आठवड्याला 1,540 लिटर व्हायला हवे होते. पहिल्याच आठवड्यात काटा 3,900 लिटरवर गेला. मी मीटरलाच दोष देऊन मोकळा झालो होतो. मग रात्री झोपताना आकडा लिहून ठेवला आणि पहाटे कोणी नळ सोडायच्या आधी पुन्हा पाहिला, तर तो पुढे सरकलेला. संडासाच्या फ्लश टाकीचा रबरी वायसर गेला होता आणि त्यातून रात्रंदिवस, आवाज न करता, सुताएवढी धार वाहत होती. वायसरला काही मोठा खर्च आला नाही. उरलेली वाढ माझ्या पोफळीच्या रोपांची आणि अंगण धुण्याची निघाली, ती मात्र माझीच. हौद बांधून आंघोळीचे पाणी पोफळींकडे वळवले तेव्हा कुठे आकडा दोन हजारांच्या खाली आला. वर्षाला ठरावीक रक्कम भरत होतो तोपर्यंत हे शोधायचे मला कधी सुचलेही नव्हते.

मीटरने आकारणी करणे कायद्यात बसते का, असा प्रश्न एका ज्येष्ठांनी सभेत विचारला. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मध्ये सर्वांवर बसणारी सामान्य पाणीपट्टी आणि नळजोडणीसाठीची विशेष पाणीपट्टी अशा दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. त्यांतली दुसरी पुरवलेल्या पाण्याच्या मापाने बसवता येते. अडचण कायद्याची नाही, आपल्या मनाची आहे. माणशी 55 लिटरपर्यंतचा दर आजच्या इतकाच ठेवावा, त्यापुढे टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि होमस्टे व बागायतीला व्यापारी दर लावावा, असे माझे म्हणणे आहे. त्या म्हातारीला 1,800 रुपये लावणे मला मान्य नाही.

तरीही नुसत्या दराने पाणी वाढत नाही. पैसे नळाचे असले तरी पाणी सड्याचे, म्हणजे डोंगरावरच्या जांभ्याच्या पठाराचे आहे, हे आपण विसरलो आहोत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकरची मागणी जाते, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. जांभा हा सच्छिद्र दगड. सड्यावर पडलेले पाणी तो पितो आणि खालच्या चिकणमातीच्या थरावरून सरकत डोंगराच्या कुशीत झऱ्यावाटे सोडून देतो. उरलेले उतारावरून पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, काही तासांत समुद्राला मिळते. हे वाहणे थोडे अडवले तरच विहिरीला उन्हाळ्यापर्यंत आधार राहतो. दिवाळीनंतर पऱ्यावर दगड-मातीचा बंधारा घालायची आपली जुनी रीत होती आणि त्यासाठी प्रत्येक घरातून एक माणूस जाई. आता पंचायतीला वनराई बंधाऱ्यांचे उद्दिष्ट येते, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून फोटोपुरते बंधारे होतात आणि बऱ्याचदा तेही जानेवारीत, पऱ्या आटत आल्यावर. नोव्हेंबरमधला बंधारा आणि जानेवारीतला बंधारा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

किनाऱ्यालगतच्या वाडीसाठी तर हा प्रश्न आणखी नाजूक आहे. तेथे जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि शास्त्राच्या ढोबळ हिशेबाने गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली, तर खालचे खारे पाणी चाळीस मीटर वर चढू शकते. पूर्वी रहाटाने पाणी हळूहळू निघे आणि विहिरीला दम खायला उसंत मिळे. आता मोटर एका तासात तळ दाखवते. माझ्या आजोबांच्या विहिरीच्या पाण्यावर चहा चांगला होत असे. आता मार्चपासून त्याच पाण्याने चहाच्या दुधाला फुटी येते. भूजलाचा 2009 चा कायदा सांगतो, की अधिसूचित सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर वा बोअर घेता येत नाही. आपल्या जॅकवेलपासून बोअरचे अंतर कधी कोणी टेप लावून मोजले आहे काय? समितीने ते मोजावे, अशी लेखी मागणी मी पंचायतीकडे दिली आहे.

कोयनेचे पाणी वाशिष्ठीतून फुकट समुद्रात जाते, ते आणा, असेही कोणी तरी सभेत म्हणाले. आणावे, जरूर आणावे. पण ते येईपर्यंत आपल्या पऱ्याला गोण्या लावायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

पुढच्या सभेत दोन सूचना मी लेखी मांडणार आहे. पहिली, या वर्षी होमस्टे, कलमबागा आणि समितीच्या सर्व सदस्यांच्या घरांना आधी मीटर लावावेत. दुसरी, जमा होणाऱ्या पाणीपट्टीतला दहावा हिस्सा बंधारे आणि विहिरीचा गाळ यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा आणि तो 15 नोव्हेंबरच्या आत खर्च झाला, तरच पुढच्या दरवाढीचा विचार व्हावा. माझ्या मीटरची वही ओटीवर खुंटीला टांगलेली आहे, येता-जाता कोणीही पाहावी. ज्यांना हे आकडे खोटे वाटतात त्यांनी पहाटे पाच वाजता यावे, त्या वेळी मी जागा असतो.