शालोम म्हणजे नुसती शांती नव्हे

‘शालोम हा हिब्रू शब्द म्हणजे आपली शांती. भांडण थांबलं, मन निवांत झालं की झाला शालोम. देवाशी नातं जुळलं की माणसांशी आपोआप जुळतं. जेरुसलेमचा अर्थही शांतीचं नगर!’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल, पण यात शब्दाचा जीवच हरवतो.

भांडण थांबणं म्हणजे शालोम? बायबलातल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा ११वा अध्याय काढून बघा. रणातून आलेल्या उरीयाला दावीद राजा सेनापती यवाबाचा शालोम विचारतो, लोकांचा विचारतो आणि लढाईचाही शालोम विचारतो. तिथे ‘शांती’ बसवून बघा, वाक्यच मोडतं. याकोब आपल्या मुलाला, योसेफाला धाडतो तोही भावांचा आणि कळपाचा शालोम बघायला. मेंढरं धडधाकट आहेत ना, एखादं कमी तर नाही ना, एवढं त्याला कळायला हवं होतं.

मूळ धातू श-ल-म. अखंड, पुरं, काही कमी नसलेलं. वेदीसाठी लोखंड न लावलेले सबंध दगड लागत, त्यांनाही याच धातूचा शब्द आहे. त्याचाच अरबी भाऊबंद आपल्याकडे कधीचा नांदतोय: सलामत. ‘पोरं सहीसलामत घरी आली’ म्हणतो, तेव्हा आपण ‘शांती’ म्हणण्यापेक्षा शालोमच्या कितीतरी जवळ असतो.

आता ‘मन निवांत’. याच धातूचं क्रियापद भरपाईला वापरतात. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात बैल चोरून कापला किंवा विकला, तर एकाला पाच बैल भरायचे, मेंढराला चार. आजही इस्रायलमध्ये दुकानात पैसे चुकते करणं म्हणजे ‘लेशलेम’. चोराचं मन निवांत झाल्याने गोठ्यातली जागा भरत नाही.

‘देवाशी जुळलं की माणसांशी आपोआप’ हे मला सगळ्यात खटकतं. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना, म्हणजे यहुदी धर्मनियमांचा संग्रह, नेमकं उलट सांगते: देवाविरुद्धच्या अपराधांचं प्रायश्चित्त योम किप्पूरला, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी होतं, शेजाऱ्याविरुद्धच्या अपराधाचं मात्र त्याची समजूत घातल्याशिवाय होत नाही. मराठी बायबलातलं शांत्यर्पण, म्हणजे देवाला वाहिलेला जनावराचा बळी, हिब्रूत याच धातूवरून ‘शेलामीम’. चरबी वेदीवर, छाती आणि उजवी मांडी याजकांना, बाकीचं मांस अर्पण करणाऱ्याने आपल्या माणसांबरोबर खायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवायला मनाई, आणि सबंध बैल एका घराला दोन दिवसांत संपत नाही. देवापुढची पंगत अशी चार माणसं बोलावल्याशिवाय उठत नसे.

जेरुसलेमचं थोडक्यात: इजिप्तमधल्या अमार्नाला सापडलेल्या इ.स.पू. १४व्या शतकातल्या मातीच्या पाट्यांवर या नगराचं नाव ‘उरुसलिम’ आहे, आणि बरेच अभ्यासक त्याचा संबंध शालिम या कनानी देवाशी जोडतात.

एक गोष्ट मात्र सांगायचीच आहे. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात याजक घराण्यातला फिनहास भाल्याने दोन जीव घेतो आणि देव त्याला शालोमचा करार देतो. तोराची, म्हणजे बायबलाच्या पहिल्या पाच पुस्तकांची, पोथी हाताने लिहिणारे त्या ‘शालोम’मधलं ‘वाव’ अक्षर मध्ये तोडून लिहितात. एरवी अक्षर तुटलं तर पोथी वाचनाला चालत नाही, आधी दुरुस्त करावी लागते.