जळणारा पाय आणि न कळलेला चटका

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'मधुमेहात पाय बधिर होतात असंही लिहिता आणि रात्रभर जळजळतात असंही. दोन्हींपैकी एकच खरं असणार. माझ्या आईचे पाय जळतात, म्हणजे तिच्या नसा शाबूत आहेत,' असं तुमचं म्हणणं. लेखात मी नसेला विजेच्या तारेची उपमा दिली होती: तार तुटली की दिवा बंद. गोंधळ त्यामुळेच झाला. ती उपमा चुकीची होती, ती काढून टाकतो आहे.

तुमचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. त्यावर विसंबून राहिलात तर आईच्या पायाला धोका आहे.

नसेत जाड-बारीक असंख्य तंतू असतात. जाड तंतू स्पर्श, कंपन आणि पाऊल कसं टेकलंय याची खबर नेतात. बारीक तंतू गरम-गार आणि वेदना. वाढलेल्या साखरेने ते सगळे एकदम मरत नाहीत. काही गप्प होतात. काही दुखावलेले तंतू मात्र त्वचेला काहीही झालेलं नसताना आपोआप संदेश पाठवत राहतात, आणि मेंदू समजतो, तळवा जळतोय. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या बोटांत ठणका लागतो, हे ऐकलं असेल. अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार केलेले डॉ. सिलास वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये याविषयी लिहिलं. तिथे तर पायच उरलेला नसतो!

माझे वडील रात्री पाय जळतात म्हणून पांघरुणाबाहेर काढून झोपायचे. एका थंडीत कंबरेसाठी घेतलेली गरम पाण्याची पिशवी घसरून पायाशी गेली. सकाळी चादरीवरचा डाग माझ्या आईला दिसला, तेव्हा टाचेवरचा फोड कळला. ज्या पायाला काही नसताना आग जाणवायची, त्याच पायाला खरा चटका कळला नाही. जखम भरायला तीन महिने लागले.

म्हणून विनंती आहे, तुमच्या आईला डॉक्टरांकडे न्या आणि नायलॉनच्या तंतूची तपासणी करायला सांगा. १० ग्रॅम दाबाला वाकणारा तो तंतू डोळे मिटलेले असताना तळव्याला टेकवतात. कळतो की नाही, एवढंच पाहायचं असतं. जळजळीवर औषधं आहेत, तीही विचारा. तोवर शेक नको, अनवाणी चालणं नको आणि रोज रात्री तळवे तुम्ही स्वतः उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. चालताना चप्पल पायातून निसटली तर आईला लगेच कळतं का, तेही विचारा आणि इथे नक्की कळवा.