वीस एचपीची मोटर

परवा रात्री साडेदहाच्या सुमारास मला अनेक महिने शोधत असलेला एक आवाज सापडला आणि साडेअकराला आमच्या सोसायटीच्या चेअरमननी मेन स्विच पाडून तो बंद केला. वर माझ्याकडूनच तीनशे रुपये घेतले. आवाजाचे दुःख मी गिळले आहे, तीनशे रुपयांचे अद्याप गिळलेले नाही.

माझ्याकडे एक मॉड्युलर सिंथेसायझर आहे. हे एकसंध वाद्य नसून एका लाकडी पेटीत शेजारीशेजारी बसवलेली वेगवेगळी यंत्रे असतात, आणि वायरींनी एकमेकांना जोडल्याखेरीज ती सहसा तोंड उघडत नाहीत. त्यांतला माझा लाडका डिजिटल रिव्हर्ब, म्हणजे घुमारा देणारे यंत्र. आत आलेला आवाज तो आकड्यांच्या रूपात मेमरीत साठवतो, लहानमोठ्या अंतरांनी पुन्हा बाहेर काढतो आणि बाहेर काढलेला परत आत ढकलतो. या ढकलाढकलीचे गणित मानफ्रेड श्रोडर यांनी 1960च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये मांडले. परत ढकलण्याचे प्रमाण पूर्णाच्या अगदी जवळ नेले की घुमारा विरतच नाही. त्यात, घुमारा ज्या काल्पनिक खोलीतला वाटतो तिचा आकार एखाद्या संथपणे बदलणाऱ्या व्होल्टेजने सतत लहानमोठा करत ठेवला, तर मेमरीतून आवाज बाहेर येण्याची गती बदलते आणि स्वर आपोआप चढू-उतरू लागतो. मी नेमके हेच केले होते. लाकडावर टिचकी मारल्यासारखा एक क्षुल्लक आवाज तासभर स्वतःवरच साचत गेला होता आणि खोलीत एक लांबलचक, हेलकावे खाणारा हुंकार भरून राहिला होता. डोळे मिटून मी वेरूळच्या दहाव्या लेण्यात, त्या दगडी फासळ्यांच्या छताखाली बसलो होतो.

तेवढ्यात दार वाजले. बेल असताना दार वाजले.

बाहेर आमचे चेअरमन अण्णा उभे होते. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल आणि हातात बॅटरी. त्यांच्या मागे अर्धवट झोपेतला मोटर मेकॅनिक, पाना आणि टेस्टर घेऊन.

"सर, मोटर कोरडी चालायलीय. आवाज तुमच्या घरातून यायलाय."

मी त्यांना आत घेतले, ही माझी पहिली चूक. दुसरी चूक, मी समजावून सांगायला लागलो. आमच्या या छंदात घुमाऱ्याविना आवाजाला 'ड्राय' म्हणजे कोरडा आणि घुमाऱ्यात बुडालेल्या आवाजाला 'वेट' म्हणजे ओला म्हणतात. त्यामुळे मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "कोरडी नाही अण्णा, हे बघा, बटण पूर्ण उजवीकडे आहे. शंभर टक्के ओली आहे."

अण्णांनी पेटीखाली बॅटरी मारली, भिंतीच्या कडेकडेने मारली, मग माझ्याकडे बघितले. "मग पाणी कुठं जायलंय?"

मेकॅनिकने मात्र जाणकाराप्रमाणे पेटीला कान लावला होता. बराच वेळ ऐकून त्याने मान हलवली. "बेअरिंग गेलंय, अण्णा." मग मला विचारले, "किती एचपीची हाय?"

या प्रश्नाचे उत्तर मी द्यायला नको होते, पण खरे बोलण्याची खोड आहे. या यंत्रांची उंची ठरलेली असते, 128.5 मिलिमीटर; रुंदी मात्र 'एचपी' या मापात मोजतात आणि एक एचपी म्हणजे 5.08 मिलिमीटर. माझा रिव्हर्ब जेमतेम वीतभरही रुंद नाही.

"वीस," मी म्हणालो.

"वीस एचपी!" अण्णा खुर्चीवर बसले. "सर, सगळ्या बिल्डिंगच्या बोअरला पाचची हाय. तुम्ही वीसची घरात लावून काय करायलाव? अन् लाइट बिल कुणाच्या मीटरवर?"

मी हातांनी रुंदी दाखवू लागलो, तोवर अण्णा पॅसेजमध्ये पोचले होते. खट् आवाज आला आणि माझे लेणे अंधारात गेले. तासभर साचलेले सगळे त्या मेमरीतून एका क्षणात पुसले गेले. वायरी तरी जागेवर होत्या, पण मेकॅनिकने बॅटरीच्या उजेडात खात्री करण्यासाठी त्यांतल्या चार उपटून पाहिल्या. ही जोडणी कुठेही सेव्ह करता येत नाही, हे मी त्याला कोणत्या शब्दांत सांगणार होतो?

1895 साली हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन नावाच्या प्राध्यापकाने एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचा अभ्यास सुरू केला. त्या सभागृहात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत असे. तो रात्रीच्या शांततेत दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तिथे वाहून नेई, ऑर्गनचा पाइप वाजवी आणि घड्याळ लावून बसे. त्याला कोणी मेकॅनिक घेऊन भेटायला आल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. सुखी माणूस; त्याच्या इमारतीला बोअर नसावा.

लातूरकरांची बाजू मला कळते. या शहराने 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे. कोरड्या मोटरीच्या आवाजाने इथला माणूस गाढ झोपेतून उठतो, कारण वायंडिंग जळले तर पुढचा आठवडा टँकरमागे पळण्यात जातो. हे सगळे मान्य. पण लग्नसराईत आमच्या गेटसमोर वरात मध्यरात्रीपर्यंत अडते, डीजेच्या भिंतीने खिडक्यांच्या काचा थरथरतात, माइकवाला नवरदेवाच्या मामाच्या नावाला एवढा 'इको' देतो की ते नाव चार वेळा ऐकूनही कळत नाही. तेव्हा हेच अण्णा बाल्कनीत उभे राहून मान डोलावतात. तो घुमारा चालतो. माझ्या घुमाऱ्याला बेअरिंग गेलेले असते.

आणि पैशांचे म्हणाल, तर मोटर सोसायटीची, संशय सोसायटीचा, मेकॅनिक बोलावला चेअरमननी, मग तीनशे रुपये माझ्या एकट्याच्या खिशातून का? लिफ्टच्या बल्बचेसुद्धा इथे बारा भाग होतात. मी हे बोलून दाखवले. अण्णा म्हणाले, "तुमच्या घरातलीच तपासली की." यावर मला काही सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही.

मी निदान पावती तरी मागितली. मेकॅनिकने ती जिन्यात बसून, अण्णांच्या बॅटरीच्या उजेडात लिहिली आणि काय लिहायचे ते अण्णांनी सांगितले: 'मोटर तपासणी, घरगुती, 20 एचपी. मोटर चालू आहे. पाणी ओढत नाही.'